शेजारच्या खोलीचा पत्ता

(ट्युनिशियाच्या दक्षिणेला, तोझरजवळच्या खजूरबागांना पाणी वाटून देणाऱ्या संस्थेची कचेरी. ऑगस्टमधली दुपार. जुना कारकून तिजानी, ज्याला सगळे आदरानं ‘सी’ लावून हाक मारतात, आणि संगणकांचं काम बघणारी विदाद.)

तिजानी : पंखा ऐकू येतोय का तुला?

विदाद : कुठला पंखा?

तिजानी : त्या यंत्राचा. भिंतीपलीकडे घरघरतोय बघ. अख्ख्या गावाच्या पाण्याच्या पाळ्या त्याच्या पोटात आहेत. मी उठलो तर सात पावलांत त्याच्या डोक्यावर हात ठेवीन. आणि माझा पडदा काय म्हणतो? ‘हा पत्ता सापडत नाही.’

विदाद : सकाळपासून नेट नाहीये, सी तिजानी. रस्त्याचं काम चाललंय तिथं कुणीतरी केबल तोडली.

तिजानी : केबल तोझरच्या रस्त्यावर तुटली. माझ्यात आणि यंत्रात काय तुटलं?

विदाद : काहीच नाही. इथली तार शाबूत आहे.

तिजानी : मग?

विदाद : तुमचा संगणक रस्ता विचारत बसलाय. तुम्ही नाव टाकता, पण त्याला नाव कळत नाही, नंबर कळतो. म्हणून तो आधी कुणाला तरी विचारतो, की बाबा, या नावाचं यंत्र राहतं कुठं? आणि ज्याला विचारतो तो बसलाय राजधानीत.

तिजानी : म्हणजे शेजारच्या खोलीत जायचं तरी हा ट्युनिसला विचारतो?

विदाद : दरवेळी. पापणी लवायच्या आत उत्तर येतं म्हणून आपल्याला कळत नाही. आज उत्तर द्यायला कुणी नाही, तर बसलाय तोंड वासून.

तिजानी : आणि याला मी दोन वर्षं हुशार म्हणत होतो.

विदाद : तेच तर बदलतेय मी. विचारायची जागा कचेरीतच करतेय. डीएनएस म्हणतात त्याला. तिकडं जुनं यंत्र पडून होतं ना, त्याच्यावर बसवलाय. आता इथल्या नावांची उत्तरं इथंच मिळतील.

तिजानी : त्यापेक्षा नंबरच टाक की सरळ. तुला तर पाठ असेल.

विदाद : नंबर टाकला की पंपांचं पान उघडतं. एकाच यंत्रात दोन बिऱ्हाडं आहेत, पंपांचं आणि पाळ्यांचं. नुसत्या नंबरावर पुढचं दार उघडतं. पाळ्यांचं दार नाव घेऊन हाक मारल्याशिवाय उघडत नाही.

तिजानी : बिऱ्हाडकरू बरेच मानी दिसतात.

विदाद : घाई असेल तर एक करता येईल. फक्त तुमच्या संगणकात हे नाव आणि त्याचा नंबर हातानं लिहून देते. पाच मिनिटांचं काम. नीट करायचं तर अजून अर्धा तास लागेल.

तिजानी : हातानं लिहिलेलं किती टिकतं?

विदाद : यंत्राचा नंबर बदलेपर्यंत. मागच्या वर्षीच्या वसंतात राउटर बदलला तेव्हा बदलला होता.

तिजानी : मग नीट कर. अकरा दिवसांनी या खुर्चीवर मी नसेन. माझ्यामागे येणाऱ्याला माझी ठिगळं कशाला?

विदाद : असं नका बोलू. तुम्ही नसाल हे अजून मला खरं वाटत नाही.

तिजानी : साठ पूर्ण झाली की सरकारला खरं वाटतं, तेवढं पुरे. चहा घे. आणि हे काय करतेयस ते मला कळेल असं सांग. तुझं यंत्र उत्तर देणार कसं?

विदाद : तुम्ही देता तसंच. आता बघा, कुणी येऊन म्हणतो, लंगड्याच्या बागेची पाळी कधी? सरकारी कागदावर लंगड्याची बाग नाहीच. तुम्ही काय सांगता?

तिजानी : दोनशे चौदा.

विदाद : आणि दोन विहिरींची बाग?

तिजानी : सदुसष्ट. त्यातली एक विहीर माझ्या बापाच्या लहानपणी बुजली.

विदाद : बघितलंत? लोकांच्या तोंडी नाव, कागदावर नंबर, आणि मधे तुम्ही. डीएनएस म्हणजे एवढंच.

तिजानी : आणि कुणी पलीकडच्या गावातली बाग विचारली तर? मी त्याला तिथल्या कारकुनाकडे पाठवतो. मला नाही ठाऊक म्हणायची लाज नाही वाटत मला.

विदाद : हाही तेच करणार. आपलं नसेल ते बाहेर विचारणार, आपलं असेल ते बाहेर नेणार नाही. आता राउटरला सांगायचं राहिलंय, की कचेरीतल्या प्रत्येक संगणकाला सांग, पहिल्यांदा याला विचारायचं.

तिजानी : तीस वर्षं हे काम करतोय. त्याला एवढं सुटसुटीत नाव आहे हे कुणी कळवलं नाही.

विदाद : मागच्या ऑगस्टमध्येच करायला हवं होतं मी. तेव्हाही अशीच केबल तुटली होती. पण तुम्ही निभावून नेलंत, तोंडपाठ पाळ्या सांगितल्यात. सगळे म्हणाले, नेट गेलं तर गेलं, सी तिजानी आहेत ना. मग माझंही राहून गेलं.

तिजानी : हं. सगळे म्हणाले खरं.

विदाद : काय झालं?

तिजानी : काही नाही. तू हात चालव. दोनला कचेरी बंद व्हायची आणि दाराशी कुणीतरी आलंय.

मन्सूरा : सलाम. आत येऊ का? बाहेर शहीली सुटलाय. वारा कसला, भट्टीचं तोंड उघडल्यासारखं झालंय.

तिजानी : ये मन्सूरा, बस. चहा?

मन्सूरा : चहा नंतर. बेलगासिम पाटावर फावडं घेऊन उभा आहे. म्हणतो, आज दुपार कलताना असरची अजान झाली की दिवस बुडताच्या मगरिबपर्यंत पाणी माझं. मी म्हणते माझं. पाटकरी म्हणतो, मला कचेरीची चिठ्ठी आणा, मी कुणाचंच दार उघडत नाही.

तिजानी : तुझा दोर काय म्हणतो?

विदाद : कुठला दोर?

मन्सूरा : ताडाच्या काथ्याचा. रोज एक गाठ मारते मी, पोरी. तेरा गाठी झाल्या की पाळी. दोर म्हणतो आज माझी. पण जुलैत पंप दोन दिवस बंद होता ना, त्या दिवसांच्या गाठी मी सोडवल्या की राहिल्या, मलाच आठवत नाही. खोटं कशाला बोलू? बेलगासिम तर हसतोच, म्हणतो बायकांच्या दोरावर पाणी चालत नाही. तुमच्या वहीवर चालतं. काढा वही.

तिजानी : वही उघडत नाही.

मन्सूरा : कशी उघडत नाही? ते काय घरघरतंय तिकडं.

तिजानी : मीही सकाळपासून हेच विचारतोय.

विदाद : केबल तुटलीय, खाला. मी करतेय काहीतरी. अर्धा तास द्या.

मन्सूरा : असरला अजून अडीच तास आहेत, घे अर्धा तास. पण सी तिजानी, तुम्ही तोंडानं सांगा की. तुम्हाला काय वही लागते? तुम्ही म्हणालात बेलगासिमची, तर मी घरी जाते. माझी म्हणालात, तर तोही निमूट जाईल. मागच्या साली नाही का सांगितलंत?

तिजानी : नाही सांगणार.

मन्सूरा : का?

तिजानी : विदाद, तुझ्या टिपणवहीतला एक कागद दे. आणि पेन.

विदाद : हा घ्या. काय लिहिताय?

तिजानी : मला आठवतं ते. बघू नकोस. झालं. ही बघ, घडी घातली, टेबलावर ठेवली. वही उघडेपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. आणि वही उघडली की वहीचं खरं.

मन्सूरा : हे काय खेळ लावलेत, सी तिजानी? मी चहा घेते मग. आणि ही मतब्गा भाकरी घ्या दोघांनी, सकाळी भाजली. आत कांदा आहे, मिरची जरा जास्त झालीय.

विदाद : खाला, आज माझ्या पोटात काहीच नाही. देव भलं करो तुमचं.

मन्सूरा : खा. बारीक झालीयस. यंत्रांना पुसून काय मिळतं तुला?

विदाद : राउटरला सांगून झालं. आता तुमचा संगणक बंद करून परत चालू करते, सी तिजानी, म्हणजे नवा पत्ता घेईल. उठता का जरा? मला तुमच्या खुर्चीवर बसायला लागेल.

तिजानी : बस. मन्सूरा, तुझ्याशी बोलायचंय. या पोरीनं ऐकलं तरी चालेल. किंबहुना ऐकलेलं बरं.

मन्सूरा : बोला.

तिजानी : मागच्या ऑगस्टमध्ये पाटावर मी सांगितलं होतं, आज बेलगासिमची पाळी. मी म्हणालो, वहीत तसं आहे.

मन्सूरा : हो. चाळीस माणसं होती.

तिजानी : वही उघडली नव्हती मी. केबल तुटलेली होती. मी डोक्यातून सांगितलं.

विदाद : सगळ्यांना ठाऊकच होतं की, सी तिजानी. तुम्हाला पाठ असतं...

तिजानी : मधे बोलू नकोस. नव्या बागा धरल्या तेव्हा पाळी बारा दिवसांवरून तेरावर गेली होती. नुकतीच. दोन फेऱ्या झाल्या होत्या. आणि मी मोजलं बारानं. तीस वर्षं बारानं मोजलंय, ते हाडात जाऊन बसलंय. संध्याकाळी केबल जोडली, मी वही उघडली, आणि तिथं तुझं नाव होतं. त्या दिवशीचं पाणी तुझं होतं, मन्सूरा. मी ते दुसऱ्याला दिलं. तुला सव्वीस दिवस पाणी मिळालं नाही. ऑगस्टमध्ये. तुझी किती रोपं जळाली ते मला माहीत आहे. नऊ. मी जाऊन मोजून आलो, तू घरात नसताना.

विदाद : सी तिजानी...

तिजानी : तुला सांगायला यायचं म्हणून तीनदा निघालो. दोनदा मशिदीपाशी मागं फिरलो, एकदा तुझ्या दारापर्यंत आलो. आतून तुझ्या सुनेचा आवाज आला आणि परतलो. वर्षभर तू रस्त्यात दिसलीस की सलाम करतेस आणि मला वाटतं, जमीन पोटात घेईल तर बरं. माफ कर म्हणत नाही. फक्त तू हे माझ्या तोंडून ऐकावंस.

मन्सूरा : झालं?

तिजानी : झालं.

मन्सूरा : मला ठाऊक होतं.

तिजानी : काय ठाऊक होतं?

मन्सूरा : की पाळी माझी होती. तेरा गाठी होत्या दोराला. तेव्हा कुठला पंप बंद नव्हता, मोजण्यात गफलत व्हायला. पाटावर उभी होते तेव्हाच ठाऊक होतं.

तिजानी : मग बोलली का नाहीस?

मन्सूरा : चाळीस माणसांसमोर? तुम्ही म्हणालात वहीत आहे. मी म्हणाले असते वहीत नाही, तर दोघांपैकी एक खोटा पडणार. मी खोटी पडले तर गेली एक पाळी. तुम्ही खोटे पडलात तर वही खोटी. उद्यापासून ज्याच्या हातात फावडं त्याचं पाणी. मग माझ्यासारखीनं काय करायचं? माझ्याजवळ त्या वहीशिवाय आहे काय?

तिजानी : नऊ रोपं जळाली तुझी.

मन्सूरा : जळाली. रडले मी. तुम्हाला शिव्याही दिल्या, घरात, भिंतीला. मग आठवलं.

तिजानी : काय?

मन्सूरा : नवरा गेला तेव्हाचं. सत्तावीस वर्षं झाली. याच कचेरीत दोन दीर घेऊन आलेले मी, म्हणजे तेच मला घेऊन आलेले, की बाग आता आमच्या नावावर लावा आणि पाणीही. मोठा साहेब म्हणाला, लिहा, ‘अमक्याची विधवा, पाणी दिरांकडे’. आणि तुम्ही, तेव्हा कचेरीत तीनच वर्षं झाली होती तुम्हाला, पेन हातात धरून म्हणालात, बाई, तुमचं नाव काय?

तिजानी : रकान्यात नाव लागतं. मी रकान्यासाठी विचारलं.

मन्सूरा : कशासाठी का असेना. त्या दिवसापर्यंत या गावात मला कुणी ते विचारलं नव्हतं. मी अमक्याची लेक, तमक्याची बायको. तुम्ही लिहिलंत, मन्सूरा बिन्त सालेम. दीर ओरडले. तुम्ही म्हणालात, शाई ओली आहे, पुसता येत नाही. ओली शाई पुसता येते हे मला नंतर कळलं.

विदाद : हे मला कुणी सांगितलं नाही कधी.

मन्सूरा : तू जन्मली नसशील. पुढं प्रौढांच्या वर्गाला गेले ते त्यापायीच. म्हटलं, वहीत मी कशी दिसते ते बघता तरी यावं. सत्तावीस वर्षं त्या नावावर पाणी येतंय, सी तिजानी. पाळ्या मोजा की किती झाल्या. त्यातली एक गेली. एक मी तुम्हाला दिली असं समजा. तेवढं देणं मला परवडतं.

तिजानी : वर्षभर तू हे...

मन्सूरा : तुम्ही मागं फिरलात तेव्हा मी घरात होते. सून म्हणाली, कचेरीतले सी तिजानी दाराशी येऊन गेले. मी म्हटलं, येतील परत. वेळ लावलात जरा, पण आलात. म्हणजे मीच आले, पण ते सोडा. पोरी, तू का डोळे पुसतेयस?

विदाद : मिरची लागली.

मन्सूरा : सांगितलं होतं जास्त झालीय म्हणून. उघडलं का तुझं?

विदाद : चालू झालाय. नाव टाकते. थांबा. नाही.

तिजानी : काय नाही?

विदाद : तेच म्हणतोय. पत्ता सापडत नाही. असं व्हायला नको. कचेरीतला डीएनएस चालतोय, मी त्याला विचारलं तर बरोबर उत्तर देतोय. तुमचाच संगणक त्याला विचारत नाही. हा कुणा दुसऱ्याचंच ऐकतोय.

तिजानी : कुणाचं?

विदाद : बघू द्या. हा नंबर कुठून आणला याने? हा तर आपला जुना नंबर. वसंताच्या आधीचा. याला कुणीतरी... अरे देवा.

मन्सूरा : काय झालं गं?

विदाद : मीच. मीच लिहिलंय हे.

तिजानी : कधी?

विदाद : पहिल्या आठवड्यात. पाळ्या नुकत्याच यंत्रात घातल्या होत्या, आणि पान उघडेना तेव्हा. मी तुम्हाला म्हटलं, झालं, आणि चार दिवस घरी मिरवले. नाव आणि नंबर हातानं लिहून ठेवला होता तुमच्या संगणकात, ठिगळ लावलेलं. हा बाहेर कुणाला विचारण्याआधी आपल्याच खिशातली चिठ्ठी बघतो. खिशात चिठ्ठी असेल तर जगात कुणाचं ऐकत नाही.

तिजानी : पण वसंतानंतर तर उघडत होतं.

विदाद : त्या वेळी मी त्या ठिगळावर दुसरं ठिगळ लावलं, जुन्या नंबराची हाक नव्या नंबराकडे वळवणारं. ते राजधानीकडून चालायचं. आज तेही गेलं.

तिजानी : चिठ्ठी फाड त्याच्या खिशातली.

विदाद : पुसली. दोन ओळी होत्या. परत नाव टाकते. आता...

मन्सूरा : आता काय?

विदाद : आता तुम्हीच वाचा, खाला. चष्मा आहे ना?

मन्सूरा : आहे. सरक जरा. कुठं बघू?

विदाद : इथं. आजची तारीख. त्याच्यासमोर.

मन्सूरा : म... न्सू... रा. मन्सूरा बिन्त सालेम. असर ते मगरिब.

तिजानी : वाच खालचं.

मन्सूरा : बेलगासिमचं नाव इथं आहे, खाली. परवा. शनिवारी.

तिजानी : विदाद, छापायचं यंत्र चालतंय का? चिठ्ठी काढ. मी शिक्का मारतो.

विदाद : चालतंय. तेही आता कचेरीतल्या कचेरीतच विचारतं. निघाली.

तिजानी : घे, मन्सूरा. पाटकऱ्याला दे. बेलगासिमला सांग, शनिवारी त्याचं पाणी आहे, एक मिनिट कमी होणार नाही. त्याचंही नाव वहीतच आहे म्हणावं.

मन्सूरा : आणि टेबलावरची ही घडी? हिच्यात काय लिहिलंय?

तिजानी : ती राहू दे.

मन्सूरा : मी नेते.

तिजानी : मन्सूरा, ती राहू दे म्हटलं ना.

मन्सूरा : तुम्ही म्हणालात वही उघडेपर्यंत हात लावायचा नाही. वही उघडली. पोरी, ये एकदा बागेत. देगलेत नूर खजुराचा पहिला घड तुझा. ऑक्टोबरात ये, कापणीला. आणि ती मतब्गा संपव.

विदाद : येईन, खाला. नक्की येईन.

तिजानी : गेली.

विदाद : त्या घडीत काय होतं, सी तिजानी?

तिजानी : बेलगासिमचं नाव.

विदाद : खरं?

तिजानी : पंप बंद होता ते दोन दिवस मी धरलेच नाहीत. जुलैत स्वतःच्या हातानं नोंदवलेत ते. हाताला आठवत असतील, मला नाही आठवले. तिनं आग्रह धरला असता आणि मी तोंडानं सांगितलं असतं, तर त्याच बाईचं पाणी मी दुसऱ्यांदा त्याच माणसाला दिलं असतं. आणि तीही निमूट घरी गेली असती. हा विचारच करवत नाही मला.

विदाद : पण तुम्ही सांगितलं नाहीत.

तिजानी : तू अर्धा तास मागितलास म्हणून नाही सांगितलं. मागच्या साली माझ्याजवळ कुणी अर्धा तास मागितला नव्हता. ऐक, विदाद. मला आभार मानायची सवय नाही. घरी बायको म्हणते, जीभ झिजेल का तुमची. तर आज झिजू दे. तुझे उपकार आहेत माझ्यावर. जन्मभर राहतील.

विदाद : काय बोलताय? माझ्याच ठिगळांनी एवढा उशीर झाला.

तिजानी : ते आहेच. ते मी विसरत नाही.

विदाद : आणि माझ्यावर कुणाचे आहेत? पहिल्या आठवड्यात मी तुमचा संगणक तीनदा बंद पाडला. मोठे साहेब म्हणाले, ही पोरगी नको, तोझरहून कुणी माणूस बोलवा. तुम्ही म्हणालात, तिला काम येतं. मला तेव्हा काम येत नव्हतं, सी तिजानी.

तिजानी : मला ठाऊक होतं.

विदाद : मग का म्हणालात?

तिजानी : तू दर वेळी येऊन सांगायचीस, की मीच बिघडवलं. असं सांगणारा माणूस या कचेरीत मी त्याआधी बघितला नव्हता. मी स्वतः धरून. चल, दोन वाजून गेले. तू जा घरी.

विदाद : तुम्ही?

तिजानी : मी असरपर्यंत थांबतो.

विदाद : मग मीही थांबते. बाकीच्या सहा संगणकांच्या खिशात माझ्या किती चिठ्ठ्या आहेत ते एकदा बघून टाकते.

तिजानी : सगळ्या फाड.

विदाद : फाडते. सी तिजानी, एक विचारू? त्या जुन्या यंत्राला, ज्याला सगळे आधी विचारणार, त्याला एक नाव द्यावं लागतं. मी तुमचं दिलंय.

तिजानी : माझं? काढ ते. जाणाऱ्या माणसाचं नाव यंत्राला देतात का कुणी?

विदाद : दुसरं सुचलं नाही.

तिजानी : मला सुचतं. सालेमची लेक असं ठेव. नाही, थांब. तसं नको. तिचं नावच लिही. पूर्ण.

विदाद : मन्सूरा?

तिजानी : तिचं नाव या कचेरीत एकदा लिहिलं की पुसत नाहीत. ती परंपरा आहे इथली.

विदाद : लिहिलं. सगळे संगणक पुन्हा चालू करते. वेळ लागेल थोडा.

तिजानी : लागू दे. आज मला घाई नाही.

विदाद : झाले सहाही. एकाच्या खिशातही चिठ्ठी राहिली नाही. आणि सी तिजानी, नेट आलंय.

तिजानी : कधी?

विदाद : तासभर झाला असेल. मला आत्ता दिसलं.

तिजानी : मी मघापासून वही चाळतोय. मला काही फरक कळला नाही.

विदाद : कळायलाच नको. एवढ्यासाठीच तर केलं. फोन वाजतोय तुमचा. खाला आहे.

तिजानी : दे. बोल मन्सूरा.

मन्सूरा : बोलत नाही. फोन पाटापाशी धरलाय. ऐकू येतंय का?

तिजानी : येतंय. पाणी.

मन्सूरा : आत्ताच अजान झाली. बेलगासिमनं चिठ्ठी बघितली, शिक्का बघितला, आणि स्वतःच दार उघडून दिलं. म्हणाला, वहीत असेल तर काय बोलायचं. पाणी नव्या रोपांपर्यंत पोहोचलंय. जळाली त्या जागी लावली होती, तीच.

तिजानी : अल्हम्दुलिल्लाह. मन्सूरा, ती घडी वाचलीस?

मन्सूरा : पहिल्या पाण्यात सोडली.

तिजानी : न वाचता?

मन्सूरा : तुम्ही लिहिलेलं माझं नाव वाचलंय मी, सी तिजानी. तेवढं पुरे.